काकूंची कवळी

कवळीकाकांनी चाळीस वर्षांत अर्ध्या गावाला दात दिले. दवाखान्यांतून तोंडाचे साचे येत, काका मेणावर एकेक दात बसवत आणि दटावल्यासारखे म्हणत, "दात हिरडीच्या बरोबर वर हवा. पुढे सरकला की कवळी उचकटलीच!"

हा नियम त्यांनी एकदाच मोडला, तोही बायकोसाठी. तरुणपणी काकूंचे दात किंचित पुढे होते. दात पडल्यावर त्यांची कवळी करताना काकांनी लग्नाचा फोटो समोर ठेवून ते हसू जसंच्या तसं उभं केलं. प्रेमात माणूस हातची विद्या विसरतो, दुसरं काय!

सहा वर्षांनी काकूंचं वजन फारच उतरलं, तेव्हा लेक दोघांना दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी खालची कवळी हलवली, तर ती हातातच आली. हिरडीवर लालभडक जखम होती.

"दिसायला सुरेख आहे. पण दात फार पुढे लावलेत. यांना चावताच येत नसणार."

काकांनी ती कवळी आपल्या हातात घेतली.

नवी कवळी स्वस्तात झाली असती, पण झिजून सपाट झालेल्या हिरडीवर ती धरणार कुठे? दुसरा उपाय इम्प्लांटचा. जबड्यात दोन स्क्रू बसवायचे, ते हाडात मुरेपर्यंत तीन-चार महिने थांबायचं, मग कवळी त्यांवर खटकन बसणार. खर्च ऐकून लेकीने आकडा पुन्हा विचारून घेतला. त्यात काकूंना मधुमेह. जखम भरेल ना, हा घोर वेगळाच. साखर आटोक्यात ठेवली तर जमेल, असं बाई म्हणाल्या.

घरी येताच काकांनी विचारलं, "सहा वर्षं खात काय होतीस गं?"

"तुम्ही पानावरून उठलात की कवळी काढायची, नि सगळं कुस्करून गिळायचं."

"मग बोलली का नाहीस?"

"मी हसले की किती खूश व्हायचात हो! कसं सांगणार?"

काकांनी कपाटातून बँकेची पावती काढली. म्हणाले, "बँकेतली ठेव मोडू."

"अहो, ती म्हातारपणासाठी ठेवलीय!"

"मग आत्ता काय बालपण चाललंय आपलं?"

काकूंनी साखर सांभाळली, स्क्रू हाडात मुरले. खालची कवळी काकांनीच नव्याने केली, या वेळी अगदी नियमाने. ती बसवून काकूंनी आरशात पाहिलं. खालचा ओठ आत गेला होता, फोटोतलं हसू उरलं नव्हतं.

"म्हातारी दिसते का हो?"

"दिसतेस," काका म्हणाले, आणि त्यांनी ताट पुढे सरकवलं. "आता जेव."