दुसरी गोळी

"ताकदीच्याच द्या हं भाऊ, औषध नको," असं म्हणत काकू काउंटरवर मूठ उघडायच्या. मुठीत रिकाम्या पाकिटाचा कापलेला तुकडा असायचा.

नेरूळला तेव्हा इमारती जास्त आणि माणसं कमी होती. माझ्या मेडिकलमधून कोण काय नेतं ते मला पाठ असे, आणि त्याचा मला तोराही होता. तुमच्याही कॉलनीत असा एखादा सर्वज्ञ मेडिकलवाला असेलच.

काकूंचा तिशीतला मुलगा बारा वर्षं स्किझोफ्रेनियाने आजारी होता. भिंतीतून माणसं बोलतात म्हणायचा. इस्पितळातल्या गोळीने ते आवाज दबायचे, पण मग तो दिवसभर पेंगायचा, घास तोंडाशी नेतानाही हात थरथरायचे. काकूंच्या भावाने चिपळूणहून एका साप्ताहिकातलं कात्रण धाडलं. जीवनसत्त्वांच्या मोठ्या डोसाने हा आजार बरा होतो, असं त्यात होतं. तेव्हापासून दर सोमवारी माझ्याकडून नायसिन, म्हणजे बी-३ जीवनसत्त्व, आणि सी जीवनसत्त्व अशी दोन पाकिटं जाऊ लागली.

नायसिनने मुलाचा चेहरा लालबुंद व्हायचा. काकू हरखून सांगायच्या, "रक्त भरतंय बघा अंगात!"

"काकू, ती नुसती उष्णता. त्याने आजार नाही जात."

"तुम्हाला धंदा करायचाय की नाही?" म्हणून त्या हसायच्या. मग मीही हसायचो आणि पाकिटं पुढे सरकवायचो.

एका सोमवारी दुकानात तोबा गर्दी होती. काकू मागूनच ओरडल्या, "भाऊ, दुसरी बंद केली तर चालेल ना?"

दुसरी म्हणजे 'सी'ची, असं मी धरलं. ती बंद केल्याने कुणाचं काय बिघडणार? मान वर न करता म्हणालो, "चालेल, चालेल." हा शब्द आम्ही दिवसातून शंभरदा गिऱ्हाइकाच्या तोंडावर फेकतो.

काकूंची दुसरी म्हणजे इस्पितळातली.

हे मला दीड महिन्याने कळलं. मुलगा भर दुपारी अनवाणी घराबाहेर पडला, खाडीच्या रस्त्याने गेला आणि पुन्हा कुणाला दिसला नाही. सोसायटीने दोन दिवस शोधलं, पोलिसांत कळवलं. काकू शेजारणीला सांगत होत्या, "मेडिकलवाल्या भाऊंना विचारूनच बंद केली होती हो." मी तिथेच उभा होतो.

पुढे कबुली द्यायला तीनदा त्यांच्या जिन्यापर्यंत गेलो आणि तीनदा परतलो. भित्रा होतो, दुसरं काय.

वर्षभराने काकूंचा भाऊ त्यांना चिपळूणला न्यायला आला. रिक्षा थांबवून त्या दुकानापाशी उतरल्या.

"काकू, त्या दिवशी मी..."

"उपकार आहेत तुमचे, भाऊ. ती बंद केल्यावर पंधरा दिवस पोरगा टक्क जागा होता. माझ्याकडे बघून म्हणाला, आई, भूक लागली. बारा वर्षांत पहिल्यांदा."

त्या परत रिक्षात बसल्या. रिक्षा निघाली. त्या बाहेर वाकून मला हात जोडत होत्या, आणि मीही हात जोडले.