धोंड्याचं जेवण आणि साडूची साखर

माझ्या साडूला गोड पचतं. एवढ्या एका गोष्टीवरून माझा जळफळाट होतो, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

तो दिवाळीच्या सुमारास बायकोला घेऊन ऊसतोडीला जातो. फडात चहात मूठभर साखर टाकून पितो आणि ठणठणीत असतो. मी गेवराईत कापडाच्या दुकानात गादीवर बसून बिनसाखरेचा चहा पितो आणि साखर वाढते ती माझी. डॉक्टरांनी कारण सांगितलं होतं. राबणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. माझे नुसते बसून असतात, इन्सुलिनचं धड ऐकतही नाहीत. मला ते पटलं. पण पटलं म्हणून जळणं थांबतं थोडंच?

नांदूरघाटला आमची सासुरवाडी. मी थोरला जावई. पूर्वी पहिलं ताट माझं, तुपाची पहिली धार माझी. साखर निघाल्यापासून सासूबाई माझ्यापुढे ज्वारीची भाकरी नि मेथी ठेवतात आणि शेजारी धाकट्याच्या ताटात तूप ओततात. वर रोज सकाळी त्यांचा फोन, "गोळी घेतली का?" त्या फोनचाही मला वैताग यायचा.

यंदा धोंड्याचा महिना आला. जावयांना पुरण भरलेले धोंडे खाऊ घालायचा महिना, आणि त्यातही मी भाकरीच मोडायची? मी ठरवलं, खायचं. पुढचं गोड आधीच जिरवून ठेवावं म्हणून सकाळी एकीऐवजी दोन गोळ्या घेतल्या. पोटात जागा राहावी म्हणून न्याहारी टाळली. बायकोला पत्ता लागू दिला नाही.

पोचलो तर साडूच नव्हता. वाटेत त्याची मोटारसायकल पंक्चर झाली होती. दोन्ही जावई पाटावर बसल्याशिवाय पाय धुवायचे नाहीत आणि पाय धुतल्याशिवाय ताट नाही. मी वाट बघत बसलो. गोळी मात्र थांबली नाही. पोटात अन्न असो नसो, ती स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेते. रक्तात होती तेवढी साखरही उतरायला लागली. आधी हात थरथरले, मग बनियन घामानं भिजलं, मग साडूचा भयंकर राग आला. साखर उतरली की माणूस चिडतो, हे मला ठाऊक होतं. पण त्याच्यावर मी एरवीही चिडलेलाच असायचो, फरक कळणार कसा?

तो हसत आला, शेजारच्या पाटावर बसला. सासूबाईंनी माझ्या पायांवर पाणी घातलं आणि मी बसल्या जागी कलंडलो. शुद्ध पुरती गेली नव्हती. माझं डोकं सासूबाईंच्या मांडीवर होतं. बायको साखरपाणी पाजत होती आणि साडू आत त्याच्यासाठी वाढून ठेवलेल्या ताटातला धोंडा फोडून त्यातलं पुरण मला भरवत होता. ज्या धोंड्यासाठी एवढं केलं, त्याची चवसुद्धा कळली नाही.

सावरल्यावर मला भाकरीच मिळाली. साडूनं माझ्यादेखत धोंड्यांचा फडशा पाडला. दुपार कलल्यावर मी पिशवीतून साखर तपासायचं मशीन काढलं आणि म्हणालो, "बोट दे इकडं." त्याचीही साखर निघावी, असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

आकडा आला एकशे अठरा.

"किती हाय, दाजी?"

"काही नाही तुला."

त्याचा चेहरा उतरला. "कायच न्हाई?"

"अरे, चांगलं आहे की."

त्यानं स्वयंपाकघराकडे पाहिलं. सासूबाई आत माझ्यासाठी बिनसाखरेच्या दुधात भाकरी कुस्करत होत्या.

"तुमाला मामी रोज फोन करत्यात," तो हळूच म्हणाला. "मी सा म्हैने फडात आसतो, मला एकदा बी आला न्हाई. म्हनलं, साखर निगाली तर मला बी करतील."