तीन खोल्यांचा ॲरे

दिग्रसमध्ये ज्याला म्हणून कॉम्प्युटरची सी भाषा येते, त्याला ती आमच्या सरांनीच शिकवली आहे, आणि त्यातल्या एकालाही ॲरेच्या पुढचं काही येत नाही. बाजाराजवळच्या गाळ्यातल्या त्यांच्या क्लासात चार दिवस इकडचं तिकडचं झालं की ॲरे सुरू व्हायचा, तो परीक्षेपर्यंत चालायचा. एका जातीच्या वस्तू सारख्या मापाच्या जागेत एकीला एक लागून ठेवायच्या, एवढीच ती गोष्ट. पण ती सांगताना सर रंगून जात. सर बंजारा तांड्यावरचे. त्यांचे पूर्वज बैलांवर मीठ नि धान्य लादून मुलूखभर हिंडलेले, त्यामुळे सी भाषा मुळात आपल्याच लोकांनी काढली असा त्यांचा पक्का समज होता. "पयला बैल कुठं उभा हाय तेवढं सांगा," ते म्हणत, "सगळ्यायले सारखी जागा असंल तर पाह्यजे तो बैल डोये मिटून सापडते. मोजणी शून्यापासून काहून? पयल्याजवळ उभं राह्यल्यावर अजून चालावं लागते का?"

आखलेल्या जागेच्या बाहेर गेलं तरी सी अडवत नाही, हे त्यांनी गाळ्यापुढच्या ओट्यावर पाच खुर्च्या मांडून शिकवलं. सहावी खुर्ची शेजारच्या कापूस व्यापाऱ्याची, आणि तिच्यावर तो स्वतः पेपर वाचत बसलेला. सरांनी एका मुलीला 'सहाव्या जागेवर' खडूची भुकटी ठेवायला सांगितली. ती बिचारी आज्ञाधारक, तिनं ती त्याच्या काळ्या पँटवर ठेवली. व्यापारी बोंबलला तसे सर खूश. "पाहा, सी काही बोलली का? ज्याच्या जागेत पडते तोच बोंबलते."

ॲरेची जागा आधीच सांगावी लागते, मग ती वाढत नाही, आणि तिच्यात काही ठेवलं नाही तरी दुसऱ्याला मिळत नाही. हे क्लासात ठीक होतं. सरांनी घरही तसंच बांधलं. तीन मुलं, म्हणून एका मापाच्या, एकीला एक लागून तीन खोल्या, प्रत्येक दारावर एकेकाचं नाव. एक मुलगीही होती, पण ती सासरी जाणार म्हणून तिला मोजलंच नाही. पुढं मुलं पुण्या-हैदराबादला गेली. सर खोल्या स्वतः झाडत आणि पुन्हा कुलपं लावत. मी त्यांचा जुना विद्यार्थी, घरी जाणं-येणं होतं; एकदा म्हटलं, "सर, सीमध्ये प्रोग्राम चालू असतानाही लागेल तशी जागा मागून घेता येते. तो धडा कधी घेणार?"

"तो धडा भरोशाचा नाही," सर म्हणाले. "आयत्या वेळी मागतली अन् नाही भेटली, मंग?"

नवरा वारल्यावर मुलगी लहानग्या लेकीला घेऊन परत आली. सर ढसाढसा रडले, नातीला खांद्यावरून उतरवेनात. पण खाट टाकली ती ओसरीवर. थंडीचे दिवस. घरात ती माणसं आपल्या गोरबोलीत बोलत, पण एक दिवस मी बसलेलो, म्हणून ती मला कळेल असं म्हणाली, "बापू, मधली खोली उघडा ना. पोरगी कुडकुडून राह्यली."

"पोट्टे आले तर? थे जागा त्यायच्या नावाची हाय."

ती भांडली नाही. सर माणूस म्हणून वाईट असते तर त्यांना नावं ठेवणं मला सोपं गेलं असतं. सरांनी स्वतःची रजई त्या दोघींना दिली, ओसरीवर त्यांच्याशेजारी सतरंजीवर झोपले, पण कुलूप काढलं नाही. तिनं पुसदला एका वसतिगृहात नोकरी धरली आणि निघून गेली.

मुलं काही आली नाहीत. सरांनी या दिवाळीआधी मधली खोली उघडली, रंगवली, दारावर मुलीचं नाव घातलं. ती आली, दारातूनच खोली पाहिली. "चांगली झाली," म्हणाली.

"आता इथंच राहा."

"पोरीची शाळा तिकडं हाय, बापू. आता कायले?"

तिच्या आवाजात राग नव्हता, त्याचंच मला वाईट वाटलं. चहा घेऊन ती संध्याकाळच्या एसटीनं गेली. तिला बसवून देऊन आल्यावर सर सरळ त्या खोलीत गेले. गादी टाकलेलीच होती, नातीसाठी आणलेली लहान उशीही. गादी गुंडाळून ठेवू की राहू देऊ, असं त्यांनी मला विचारलं. एवढी वर्षं वर्गात विचारायचो आम्ही, सांगायचे ते. मी म्हटलं, "राहू द्या, सर," आणि दोघंही तिथंच उभे राहिलो.