भिंतीवरची प्रेमलाबाई

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या प्रेमलाबाईंच्या नावावर सात सिनेमे होते, आणि सातही सिनेमांत त्या भिंतीवर होत्या. हार घातलेल्या.

हे असं का झालं ते सांगायलाच हवं, नाहीतर लोक बाईंना दोष देतात. यवतमाळची ही पोरगी रेल्वेतल्या अनंतरावांशी लग्न करून रायपुरात आली आणि पहिल्याच गणेशोत्सवात मराठी मंडळाच्या नाटकात उभी राहिली. माईक एकच, तोही नायकापुढे बांधलेला. बायकांनी आपापल्या घशावर भागवायचं. बाईंचा घसा असा, की मांडवाबाहेर भजी तळणारा तिसऱ्या अंकात झारा ठेवून डोळे पुसायचा. वीस वर्षं त्यांनी विधवा, सवती आणि राण्या केल्या. एकदा सेनापती ऐनवेळी तापाने फणफणला, तेव्हा मिशा लावून तोही केला. पुढे मंडळातली पोरं मराठीला हिंदीत उत्तरं देऊ लागली, नाटक जाऊन ऑर्केस्ट्रा आला, आणि तो आवाज स्वयंपाकघरात वाया जाऊ लागला.

"हळू बोल ना वो," अनंतराव म्हणत, "मी इथंच बसून आहो."

मग राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, आणि ज्याच्याकडे कॅमेरा तो निर्माता झाला. प्रत्येक छत्तीसगढी सिनेमात एक गरीब नायक. आणि नायक गरीब म्हटला की त्याची आई वारलेली हवीच, तसा नियमच होता. गल्लीतला शिशिर आता दिग्दर्शक झाला होता. तो दारात दिसताच प्रेमलाबाई लुगडं बदलून आल्या.

"मावशी, आपकी वो सदर बाज़ारवाली फोटो चाहिए."

नाटकाच्या जाहिरातीसाठी सदर बाजारातल्या स्टुडिओत काढलेला तो फोटो. चेहऱ्यावर एवढा सोशिकपणा, की बघणाऱ्याला उगाच आपलं काहीतरी चुकलंय असं वाटावं.

"अन् मी?"

"अगली बार पक्का, मावशी."

ती अगली बार आणखी सहा वेळा आली, आणि दर वेळी फोटोच गेला. अनंतरावांनी मात्र आकाशपाताळ एक केलं. जित्या बायकोच्या फोटोला हार! "सवाशीण बाई आहे ते! मी काय मेलो का?" शेवटी हार कागदी असावा, असं ठरलं. दर शूटिंगला अनंतराव स्वतः जाऊन हार हुंगत. एकदा एक खरा झेंडू सापडला, तर त्यांनी अर्धा दिवस काम बंद पाडलं. संध्याकाळी फोटो काखोटीला मारून घरी येत आणि बाईंना पुन्हा ठसठशीत कुंकू लावायला लावत.

प्रेमलाबाईंना हाराचं सोयरसुतक नव्हतं. त्यांना एक वाक्य हवं होतं. एकच, पण पडद्यावर, आपल्या तोंडून. त्यासाठी त्या रोज देवापुढे हात जोडत, आणि ते जोडणंही शेजाऱ्यांना ऐकू जाई.

आठव्या सिनेमाला देव पावला. मारामारीच्या तालमीत खलनायक भिंतीवर आदळला, फोटो खाली आला, काच फुटली आणि वर चहाची किटली कलंडली. आईचा पार लगदा झाला. दुसरी प्रत काढावी, तर सदर बाजारातला स्टुडिओ केव्हाच बंद पडून तिथे मोबाईलचं दुकान झालेलं.

"मावशी, दूसरी फोटो है क्या?" शिशिरने फोनवर रडवेला सूर लावला.

"फोटो नाही. मी आहो. येऊ का?"

बिचाऱ्याने आईला जिवंत केलं. वाक्य मिळालं, "बेटा, भात जुड़ावत हे." बाळा, भात निवतोय, एवढंच. पंधरा दिवस बाईंनी ते मायेने म्हटलं, रागाने म्हटलं, हुंदका देऊन म्हटलं. दर वेळी अनंतराव पाटावर येऊन बसत आणि भात नसल्याचं पाहून परत जात. नव्या रायपूरच्या पलीकडे एका अंगणात शूटिंग झालं, तेव्हा पहिल्याच दमात साउंडवाल्याने कानावरचं यंत्र काढून फेकलं. पाचव्यांदा जमलं.

सिनेमा लागला. बाराच्या खेळाला बाई तिसऱ्या रांगेत बसल्या, शेजारी अनंतराव. पडद्यावर दार उघडलं आणि ताट घेऊन प्रेमलाबाई चालत बाहेर आल्या.

आता रायपूरच्या लोकांनी ही बाई सात वेळा मेलेली पाहिली होती. थिएटरात एकच किंकाळी उठली.

"अरे बाप रे! फोटो उतर के आ गई!"

कुणी रामराम म्हणू लागलं, कुणी खुर्चीवर चढलं. मग हसू फुटलं, शिट्ट्या सुरू झाल्या. पडद्यावर बाईंचे ओठ हलले. अक्षरही कुणाला ऐकू आलं नाही.

इतकी वर्षं वाट पाहिलेलं वाक्य आलं आणि गेलं. भजीवाल्याला रडवणारी ही बाई जन्मात पहिल्यांदा आवाज न करता रडली.

"तुम्हाले तरी ऐकू आलं का?" त्यांनी विचारलं.

"मले?" अनंतराव खजील झाले. "मी बी ओरडून राहिलो होतो ना वो."

खेळ सुटला. पायऱ्यांवर लोकांनी त्यांना ओळखलं आणि दोन पावलं मागे सरून गोल केला. जवळ यायची छाती कुणाची होईना. थिएटर झाडणारी कांताबाई तेवढी पुढे आली. तिने बाईंचं मनगट चाचपलं, एक चिमटाही काढून पाहिला.

"दाई, तैं जियत हस?" आई, तू जिवंत आहेस?

एवढ्या सिनेमांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

"हव!" प्रेमलाबाई म्हणाल्या, आणि तो हव रस्त्यापलीकडच्या पानठेल्यापर्यंत गेला. "जिती आहो. अन् बोलते बी!"

"तो बोल ना, दाई," कांताबाई झाडू बाजूला ठेवून खालच्या पायरीवर बसली.

बाईंनी डोळे पुसले, पदर खोचला आणि सुरुवात केली. आधी राणी झाली, मग विधवा झाली, मग सेनापतीही झाला. निम्म्यांना मराठी कळत नव्हतं, तरी कुणी हललं नाही. तीनच्या खेळाची घंटा वाजली. तिकिटं हातात धरून लोक बाहेरच उभे राहिले.