शेखरचा वर राह्यलेला हात

आमच्या शेखरले मी निवडून आनला. मी सातवी शिकलो, पन वार्डात माह्या शब्दावर मत पडते. शेखर माहा भाऊ, माह्याहून बारा वर्सानं लहान. झेंडू पिकवते, अमरावतीले नेऊन विकते. खोटं बोलाले त्याले जमतच नाई. नगरपंचायतीत गेल्यावर त्यानंच पान्याच्या टाकीचा घोटाळा उघडा पाडला: टाकी कागदावर, पैसा अध्यक्षाच्या घरात. अध्यक्षाले खुर्ची सोडा लागली.

मंग नवी सत्ता बसवाची होती. मेंबर सतरा. अध्यक्षाचे पाच, अन् त्यायले कालपरेंत चोर म्हननारे तीन, असे आठ एक झाले. समोर चौकशी मागनारे आठ. मधात शेखर एकटा. तो जिकडं जाईन तिकडं राज.

त्या एक झालेल्यायचा पुढारी केशवराव. तो शेखरकडं गेलाच नाई, शेखर वावरात असताना माह्याकडं आला. घरात शब्द मोठ्याचा, हे त्याले ठाऊक. चार लोकायसमोर मले शाल पांघरली, भाऊसाहेब म्हनलं, अन् ताटात बेल-भंडारा ठेवला. मी शेखरच्या नावानं बेल उचलला: मत तुमालेच. आमच्याकडं ही शपथ मोडली तं लेकरावर उतरते. शेखरची पाच वर्साची लेक खुशी तवा माह्या मांडीवर बसली होती.

शेखर घरी आला. खुशीच्या कपाळावर भंडारा दिसला. तो रागावला नाई. इतकंच इचारलं, "हिले मांडीवर घेऊन उचलला, दादा?"

मतदानापरेंत कोनी फुटू नये म्हनून ते आठ अन् शेखर, अशा नऊ जनायले शेंदूरजनाघाटकडं एका संत्र्याच्या बगीच्यात नेऊन ठेवलं. चौथ्या दिवशी मी डबा घेऊन गेलो. भर दुपार, पन पाखरू बोलत नव्हतं. नऊ जन एका रांगेत खुर्च्यायवर बसलेले, सारखे पांढरे कपडे, मोबाइल जमा. मी शेखरले हाक मारली तं आठ माना एकदम वळल्या. त्याची सगळ्यायच्या मागून.

"सर्व ठरलेलं आहे," तो म्हनला. असं पुस्तकासारखं माहा भाऊ जन्मात बोलला नव्हता.

मतदानाच्या दिवशी नऊ हात वर गेले. मोजून झाले, आठ खाली आले. शेखरचा राह्यला. सभा संपली, लोकं उठले, बाहेर फटाके सुरू झाले, हात तसाच. केशवराव हसला, मंग त्याचंही हसू गेलं. शेवटी मीच पुढं गेलो. माह्या भावाले माह्याशिवाय कोन सांगन? दोन्ही हातानं ओढून तो हात खाली घेतला. मे महिन्यात बर्फासारखा लागला.

"खुशी सुटली नं, दादा?" त्यानं इचारलं.