रेवाच्या फोटोसाठी माझी ट्रायल

आमच्या रेवाचे डोळे शाळेच्या फोटोत मिटलेले असतात. एरवी पोरगी टक्क जागी असते, पण शाळेचा फोटोग्राफर ‘स्माइल!’ म्हणाला की तिच्या पापण्या शटरसारख्या खाली येतात. यंदा तिचं सिक्स्थ फॉर्मचं, म्हणजे शाळेचंच शेवटचं वर्ष. इयरबुकसाठी फोटो काढले गेले आणि तिनं परंपरा राखली. वर परागकणांच्या ॲलर्जीनं नाक लाल. (कुणीतरी वाईट बातमी सांगत होतं आणि ती ऐकता ऐकता झोपली, असा एकूण भाव!)

शाळा म्हणाली, हवा तर बाहेरून काढून पाठवा, पण महिनाअखेरच्या आत.

झालं! माझ्या अंगात संचारलं. तसंही सप्टेंबरला रेवा युनिव्हर्सिटीसाठी थेट स्कॉटलंडला जाणार, या विचारानं मला कित्येक दिवस एका जागी बसवत नव्हतं. कपाटं लावून झाली होती, लावलेली उपसून पुन्हा लावून झाली होती. आता हाताला खरं काम मिळालं.

“आई, फोनवर काढ ना,” रेवा म्हणाली.

“इयरबुक आयुष्यभर राहतं!”

“प्लीज, माझी डोकं नको खाऊ. ए लेव्हल्सची परीक्षा आहे मला. फोटोग्राफर तू ठरव. मी एकदाच येणार. दहा मिनिटं, मॅक्स.” (इंग्लंडात वाढलेल्या पोरीचं मराठी हे असं!)

एकदाच येणार म्हणजे चुकायला वाव नाही. मग मी ठरवलं, आधी प्रत्येकाकडे आपणच फोटोला बसायचं. ज्याच्याकडे मी बरी दिसेन, त्याच्याकडे रेवा अप्सराच दिसेल!

“अगं, पण फोटो तिचा आहे ना?” प्रसाद म्हणाला. प्रसाद म्हणजे माझा नवरा, ब्रॅकनेलला सॉफ्टवेअरमध्ये आहे.

“तुमच्या ऑफिसात टेस्ट न करता सॉफ्टवेअर देतात का?”

“हो,” तो म्हणाला. (खरं बोलायची त्याला वाईट खोड आहे.)

पहिली ट्रायल लंडनच्या एजवेअरला. लग्नाचे फोटो काढणारे एक गुजराती काका. त्यांनी मला हनुवटीखाली हात ठेवायला लावला, मान वाकडी करायला लावली आणि म्हणाले, “बेन, अब थोडा शरमाओ.” पन्नाशीला टेकलेली बाई मी, भर दुपारी, अनोळखी माणसासमोर शरमले! तेवढ्यात त्यांनी केस उडवायला पंखा लावला. केस उडाले ते थेट माझ्या तोंडात. फोटो आला तेव्हा सुरकुत्या घालवण्याच्या नादात काकांनी नाकही घालवलं होतं.

“छान आहे,” प्रसाद म्हणाला. “कोण आहे?”

दुसरी एक आर्टिस्ट बाई. ती फक्त निसर्गाच्या सान्निध्यात फोटो काढायची. तिनं मला थेम्सच्या काठावर नेलं. “हसू नका,” ती म्हणाली. “नुसत्या असा.” मी नुसती असू लागले. “आता त्या झाडाला टेका.” टेकले. झाडाखाली खाजकुयलीसारख्या नेटलचं रान माजलेलं. पोटरीला अशी आग लागली की मी जी उडी मारली ती थेट हंसाच्या पिल्लांमध्ये! पिल्लांची आई मान लांब करून फिस्कारत माझ्या अंगावर आली. मी सिल्कचा कुर्ता सावरत पळतेय, मागे हंसीण, आणि तिच्या मागे ही बाई ओरडतेय, “ब्यूटिफुल! काय एनर्जी आहे!” त्या सगळ्या फोटोंत एकच जण नीट फोकसमध्ये होतं, आणि त्याला पंख होते.

तिसरा आमच्याच मेडनहेडच्या हाय स्ट्रीटवरचा मार्टिन. शांत माणूस. आधी त्यानं मला चहा दिला. मग हळूच विचारलं, “मला सांगा, हा फोटो कशासाठी हवाय?”

इथे मी ‘इयरबुकसाठी, मुलीच्या’ एवढंच म्हणायला हवं होतं. पण त्यानं इतक्या मायेनं विचारलं की मी भडाभडा बोलत सुटले. “अठरा वर्षं एकत्र काढली हो! आता सप्टेंबरपासून घर रिकामं. सगळं ठरलंय, सामानाचंसुद्धा. वाटलं होतं, मी तयार आहे.”

“आणि आहात?”

“व्हायलाच हवं ना? लाइफ गोज ऑन!”

माझे डोळे भरले. मार्टिननं टिश्यू पुढे केला, मी ओशाळून हसले, आणि क्लिक!

फोटो बघितला. नाक जागेवर होतं, वय जागेवर होतं, आणि तरी बाई बरी दिसत होती. “खिडकीत लावला तर...” मार्टिन म्हणाला. “ऑफकोर्स!” मी त्याचं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही. शनिवारची रेवाची वेळ ठरवूनच बाहेर पडले.

दोन दिवसांनी वैदेहीताईंचा फोन आला. या आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्ष.

“अनुजा, धीर सोडू नकोस. आम्ही सगळे आहोत.”

“अहो ताई, काय झालं?”

“माझ्यापासून कशाला लपवतेस? आणि खरं सांगू? इतक्या लवकर सावरलीस, मला कौतुकच वाटलं तुझं!” एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी प्रसाद ऑफिसातून लझान्याचा मोठा डबा घेऊन आला. चेहरा गोंधळलेला. डबा त्याच्या मॅनेजरनं दिलेला, आणि मॅनेजर मेडनहेडचाच. “त्यानं मला मिठी मारली,” प्रसाद म्हणाला. “ब्रिटिश माणसानं, अनुजा! वर म्हणाला, हवं तेव्हा घरून काम कर, जे कुठलं घर असेल तिथून.”

आम्ही दोघांनी विचार करकरून लझान्या खाल्ला, पण उलगडा झाला नाही.

तो झाला शनिवारी. तिघंही दुकानापाशी पोचलो. खिडकीत मी होते. माणसाएवढी! डोळ्यांत पाणी, ओठांवर हसू, आणि खाली सोनेरी इंग्रजी अक्षरं, ‘पुन्हा प्रेमात पडायला तयार!’ त्याखाली बारीक अक्षरांत, ‘डेटिंग प्रोफाइलसाठी खास फोटो.’

प्रसादनं ते सावकाश, शेवटपर्यंत वाचलं. “अभिनंदन,” तो म्हणाला.

रेवा हसायला लागली. आधी दिव्याच्या खांबाला धरून, मग खाली फुटपाथवरच बसून. “आई, तुझी फोटो! ओ माय गॉड, आई अव्हेलेबल आहे!” आवाज ऐकून मार्टिन गळ्यात कॅमेरा घेऊन बाहेर आला.

“हे माझे मिस्टर,” मी कसंबसं म्हटलं.

मार्टिन पांढराफटक पडला. “परत आले?”

“मी गेलोच नव्हतो,” प्रसाद म्हणाला.

“घर सोडून ही जाणार आहे!” मी रेवाकडे बोट दाखवत ओरडले. ते ऐकून रेवाला हसण्याचा दुसरा झटका आला. मार्टिननं एकदा तिच्याकडे पाहिलं, गुडघ्यावर बसला आणि फटाफट फोटो काढले.

मग आम्ही सगळे त्या छोट्या स्क्रीनवर वाकलो. डोळे उघडे होते! पाण्यानं भरलेले, पण उघडे. आणि ते हसू. मी स्वयंपाकघरात असताना वरच्या खोलीतून ऐकू येतं ना, अगदी तेच. मी पर्समध्ये टिश्यू शोधू लागले. प्रसादही उगाच घसा खाकरत रस्त्याकडे बघायला लागला.

“हाच,” रेवा म्हणाली. “आता मी जाऊ? केमिस्ट्री राहिलीय.”

मार्टिननं माझी शंभरदा माफी मागितली आणि माझा फोटो आजच खिडकीतून काढून टाकतो म्हणाला. पण माझा जीव थोडाच थाऱ्यावर राहतो? विसरला तर? सोमवारी सकाळीच जाऊन बघितलं. माझ्या जागी बो टाय घातलेला एक जाडजूड लॅब्रॅडॉर बसला होता. आभार मानायला आत गेले.

“अहो, आभार कसले?” मार्टिन म्हणाला. “तसाही बदलावाच लागणार होता. तुमचा फोटो बघून कुणी चौकशीलासुद्धा आलं नाही. आणि हा बघा, शनिवारपासून पब्लिक आत येतंय, हा कोण म्हणून विचारतंय!”

मी हसून ‘थँक यू’ म्हणून निघायला हवं होतं. पण माझ्या तोंडून निघालं, “तुम्ही माझा फोटो नीट उजेडात लावला होतात ना?”