लॉरेनचा लाल ठिपका

लॉरेन कुबिआक आमच्या कॉलेजच्या तळघरात बसायची आणि तिथून साऱ्या जगाच्या इमारती सांभाळायची. ओहायोतल्या आमच्या वास्तुकला विभागाकडे इमारतींच्या फोटोंच्या तीस हजार स्लाइड्स होत्या, प्रोजेक्टरमधून पडद्यावर टाकायच्या. प्रत्येकीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात तिच्या हातचा लाल ठिपका. तो ठिपका बघूनच स्लाइड प्रोजेक्टरमध्ये घालायची. ठिपका बरोबर बाजूला असला की पडद्यावर इमारत सुलटी. चुकला की डावं ते उजवीकडे. "माझी एकही स्लाइड आजवर उलटी गेलेली नाही," असं ती येता-जाता ऐकवायची, आणि आम्हीही ते मुकाट्याने ऐकायचो.

मी पहिल्या वर्षाला वास्तुकलेचा इतिहास शिकवायचो. देवळं, कॅथीड्रल, कारखाने, बंगले. दोन पडद्यांवर शेजारी-शेजारी दोन इमारती लावायच्या, आणि एकीने जे सोडवलं ते दुसरीने का मोडलं ते मुलांना सांगायचं. हे सगळं मी पडद्याकडे पाठ करून बोलायचो. मला मागे वळून बघावं लागत नाही, याचा मला भारी तोरा होता.

तासाच्या आदल्या दिवशी लॉरेनकडे यादी द्यायची. ती वाचता वाचता तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा.

"परत पार्थेनॉन? त्या बिचाऱ्याला एखादं वर्ष सुट्टी द्या की! आणि जेवणानंतरच्या तासाला कॅथीड्रल नको. अर्धा वर्ग घोरतो, मला इथे खाली ऐकू येतं."

कुठल्या घुमटाला किती खिडक्या, सगळं तिला तोंडपाठ. स्वतः मात्र टोलेडोच्या पलीकडे फारशी गेली नव्हती. आधी नवऱ्याचं दुखणं, मग आईचं. "मी कशाला कुठे जाऊ?" म्हणायची. "इमारतीच येतात की माझ्याकडे."

त्र्याऐंशी साली शिकागोहून ओडेसा प्रुइट नावाची मुलगी आली. कमी बोलायची, पण बोलली की ठाम. सहामाही परीक्षेत मी नुसतं नाव दिलं होतं, 'रोबी हाउस', शिकागोतलं एक गाजलेलं घर, आणि मुलांनी त्या घराची रस्त्याकडची बाजू आठवून काढायची होती. सगळ्या वर्गाने गॅरेज डावीकडे काढलं, ओडेसाने उजवीकडे. मी लाल काट मारली आणि त्या काटेपायी ती नापास झाली. नापास म्हणजे दुसऱ्या वर्षाची दारं बंद.

पेपर वाटताना ती उभी राहिली. "प्रोफेसर, मी आठ वर्षं त्या घरावरून शाळेत जात होते. गॅरेज उजवीकडेच आहे."

"मग डोळे मिटून जात असशील," मी म्हणालो.

वर्ग हसला. मीही हसलो. ते घर मी स्वतः दोनदा पाहिलेलं होतं! आजही हे आठवलं की मला माझीच लाज वाटते.

ओडेसा रडत बसली नाही, सरळ तळघरात गेली. तिथे आधी तिला लॉरेनचा प्रसाद मिळाला. "माझी स्लाइड? आणि उलटी? पोरी, तू जेवलीस का सकाळपासून?" पण बोलता बोलता लॉरेनने ती स्लाइड दिव्यासमोर धरली, भिंग लावलं. घरासमोर उभ्या असलेल्या मोटारीच्या नंबरप्लेटवरचे सगळे आकडे उलटे होते.

गुडघ्यांमुळे लॉरेन कधी जिना चढत नसे. त्या दुपारी ती धापा टाकत माझ्या खोलीत आली आणि स्लाइड टेबलावर ठेवली.

"बावीस वर्षं," ती म्हणाली. "ठिपका चुकीच्या बाजूला आहे. मीच लावलाय."

"अगं, त्यात काय!" मी आवाज खाली आणला. "पोरीला गुण देतो. तू गुपचूप ठिपका बदल. कोणाला कळतंय?"

"मला कळतंय ना! आणि सगळा वर्ग तिला हसलाय. आता गुण दिलेत तर म्हणतील, रडून मागून घेतले. वर्गात सांगा. माझं नाव घेऊन सांगा."

पुढच्या तासाला ती चर्चला घालायचा कोट घालून शेवटच्या बाकावर येऊन बसली. मी उभा राहिलो, पण तिचं नाव काही तोंडातून निघेना. शेवटी म्हणालो, "ओडेसाचं चित्र बरोबर आहे, आमची स्लाइड उलटी आहे. ठिपका चुकला तो एकदाच. बावीस वर्षं पडद्याकडे पाठ मात्र मी केली."

खिडकीशी बसलेला एक मुलगा म्हणाला, "आम्हाला माहीत होतं, प्रोफेसर. पुस्तकात बरोबर आहे की. पण गुण तुमच्या पडद्याला मिळतात."

या वेळी कोणी हसलं नाही. मला तर कुठे तोंड लपवावं ते कळेना.

ओडेसा पास झाली. वसंतात एक दिवस ती तळघरात जाऊन लॉरेनला म्हणाली, "मिसेस कुबिआक, चला. मी दाखवते तुम्हाला." गाडी माझी, हॅमचे सँडविच लॉरेनचे. चार तास लॉरेन खिडकीला चिकटून बाहेर बघत होती.

रोबी हाउससमोरच्या फुटपाथवर ती उभी राहिली. मग हात वर करून म्हणाली, "गॅरेज उजवीकडे." डोळे पुसले. मग या टोकापासून त्या टोकापर्यंत काहीतरी शोधायला लागली.

"दार कुठंय गं?"

"मागच्या अंगाला," ओडेसा म्हणाली. "इथून नाही दिसत."

"या घराच्या अकरा स्लाइड्स आहेत माझ्याकडे," लॉरेन म्हणाली. "एकीतही दार नाही. आत कुठून जातात हे मी कधी विचारलंसुद्धा नाही."

तिने ओडेसाचा दंड धरला आणि दुखऱ्या गुडघ्यांनी रस्ता ओलांडायला लागली. अर्ध्यावर थांबून मागे वळली.

"प्रोफेसर, तुम्हीही चला. आणि या वेळी तोंड घराकडे करा."